पदवीचा भाव आणि सोयाबीनचा भाव

मराठीच्या प्राध्यापकाला हिशेबातले काय कळणार, असे आमच्या घरातही म्हणतात. पण बारावीचा निकाल लागला, की बुलढाणा जिल्ह्यातले पालक माझ्याकडे काही कविता समजून घ्यावयास येत नाहीत. मुलाला खासगी कॉलेजात घालावे का, आणि घातलेला पैसा निघेल का, हाच त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न जुनाच आहे. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली आणि त्याच वर्षी शेगावला श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्यापूर्वी इंजिनियर व्हावयाचे तर अमरावती, नागपूर गाठावे लागे. सोय मोठीच झाली; मात्र अनुदान नाही म्हटल्यावर खर्च फीच्या रूपाने घरावर आला.

२०२५ च्या जूनमध्ये घाटाखालचे एक शेतकरी गृहस्थ आले. मुलगा आणि मुलगी दोघेही यंदा सुटलेले. मुलाने बारावी दुसऱ्यांदा दिली होती. हातात पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठाची रंगीत जाहिरात आणि तीत लठ्ठ पगार मिळालेल्या एका मुलाचा फोटो. एजंटाने जागा ‘पक्की’ केली होती.

"सर, पोराले पुण्याले टाकतो. दोन एकर इकून टाकतो म्हनलं."

"भाऊ, आधी कागद घेऊ," मी म्हणालो.

फी वर्षाला एक लाख धरली, वसतिगृह आणि खानावळ ऐंशी हजार. चार वर्षांचे सात लाख वीस हजार. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. म्हणजे पदवीची किंमत झाली सुमारे एकशे पस्तीस क्विंटल सोयाबीन! तेही हमीभावाने विकले गेले तर, आणि बी-खत-मजुरी न वजा करता. कोरडवाहू जमीनवाल्याला यापुढे अधिक सांगावे लागत नाही.

फीपुरते कर्ज काढले तर? दरसाल एक लाख, व्याज दहा टक्के. शिक्षणाची वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज थांबत नाही. चाराचे पाच लाख चाळीस हजार होतात; सात वर्षांत फेडावयाचे तर महिन्याला नऊ हजारांच्या आसपास हप्ता. पहिला पगार बावीस हजार धरा. पुण्यात खोली आणि जेवणाचे दहा हजार गेले, की उरले तीन हजार. त्यातून घरी काय पाठवणार?

जाहिरातीतला फोटो वर्गातल्या पहिल्या मुलाचा असतो. फी भरतो तो मधला मुलगा. म्हणून कॉलेजला एवढेच विचारावे : गेल्या वर्षी वर्गातल्या मधल्या मुलाला किती पगार मिळाला, आणि किती जणांना काहीच मिळाले नाही? उत्तर टाळणाऱ्या कॉलेजात मी तरी माझे मूल घालणार नाही.

माझ्या बी.ए.ची फी थोडी, म्हणून ती स्वस्त असेही नाही. पदवीनंतर पोरगा चार वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली घेऊन बसला, तर तोही खर्चच, आणि त्या चार वर्षांची न झालेली कमाई निराळी.

मग मी मुलीचे विचारले. सीईटीत तिला भावापेक्षा गुण अधिक होते. "तिचं काय, इथंच बी.एस्सी. करीन," असे उत्तर मिळाले. मला राग आला, हे लपवीत नाही. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, सवलतीस पात्र मुली केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून आल्या, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून सरकार पूर्ण भरते, विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. अशाच घरातल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मे मिळू शकते. एजंटाच्या वाटेने खासगी विद्यापीठात गेले, की दोन्ही सवलती बुडाल्या. शिवाय २०१५ च्या कायद्याने नेमलेले प्राधिकरण विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवून देते. तेवढीच भरावी, वरचे मागितल्यास पावती मागावी.

गृहस्थ बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. "म्हंजे पोरीचं फुकटात होते?" फुकटात नव्हे, जेवणखाण, पुस्तके आहेतच, असे मी सांगितले.

दोघांचेही अर्ज प्रवेशप्रक्रियेत गेले. मुलीला जिल्ह्यातच इंजिनियरिंगची जागा मिळाली, मुलाने तंत्रनिकेतनात डिप्लोमा धरला. दोन एकराचा सौदा तूर्त थांबला आहे. एजंटाचे फोन मात्र अजून येतात.