पेशीतल्या लोहाचा हिशेब

लोखंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तवा येतो, पहार येते, आगगाडीचा रूळ येतो. परंतु प्रौढ माणसाच्या शरीरातही सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते, आणि त्यावाचून रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. आज मात्र आम्हाला बोलायचे आहे ते पाहुण्या लोहाविषयी, म्हणजे मनुष्याने मुद्दाम पेशीत घातलेल्या लोहाविषयी.

लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण आता तयार करता येतात. त्यांना नॅनोकण म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात होणाऱ्या पंडुरोगावर अशा कणांचे एक औषध, फेरूमॉक्सिटॉल, २००९ साली अमेरिकेत मान्य झाले. शिवाय पेशींना हे कण खाऊ घालून त्या शरीरात सोडल्या, तर एमआरआयच्या चित्रात तेथे काळा डाग उमटतो व पेशी कोठे गेल्या त्याचा माग लागतो. पण पेशीने नेमके खाल्ले किती? कमी असेल तर ती दिसणार नाही. फार असेल तर तेच लोह तिला बाधेल. म्हणून हिशेब हवा.

एका पेशीत १० पिकोग्रॅम लोह गेले असे धरू. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. सोनाराच्या गुंजेची येथे डाळ शिजत नाही. यावर तोड अशी, की एका पेशीऐवजी एक लाख पेशी मोजून घ्याव्या. त्यांतले लोह १ मायक्रोग्रॅम भरते, आणि तेवढे मोजता येते.

१८६७ साली पर्ल्स यांनी आम्ल व पोटॅशियम फेरोसायनाइड वापरून लोहाला निळा रंग आणण्याची रीत दिली. ती आजही चालते. पण लोह कोठे आहे हे ती दाखवते, किती ते नीट सांगत नाही. त्यासाठी पेशी आम्लात विरघळवतात. मग आवळ्यातले क जीवनसत्त्व घालून लोहाचे रूप बदलतात आणि फेरोझीन हे द्रव्य मिसळतात. द्रावण जांभळे होते. रंग जितका गडद, तितका ५६२ नॅनोमीटरचा प्रकाश अधिक शोषला जातो. ठाऊक असलेल्या द्रावणांशी ताडून आकडा काढतात.

याहून सूक्ष्म रीत म्हणजे आर्गॉन वायूच्या हजारो अंश तापलेल्या झोतात नमुना सोडून अणू वस्तुमानानुसार निवडणे. येथे एक तोतया भेटतो. लोहाचे वस्तुमान ५६. आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६ एकत्र आले तरी ५६! त्याला वगळण्याची तजवीज यंत्रात करावी लागते.

आकडा आला, तरी तो खरा कशावरून? पेशीचे स्वतःचे लोह असतेच. फेरिटिनच्या एका रेणूत ४५०० पर्यंत लोहाचे अणू मावतात. भांडवल वजा केल्यावाचून नफा कळत नाही, तसे कण न दिलेल्या पेशींचे लोह आधी वजा करावे लागते. बाहेरून चिकटलेले कण पोटात गेल्यासारखे मोजले जाऊ नयेत म्हणून पेशी पुनःपुन्हा धुवाव्या लागतात. पेशी दुभंगली की लोहही साधारण निम्मे वाटले जाते. आणि पेशी मेली तर तिचे कण भक्षक पेशी गिळतात. चित्रात डाग तसाच दिसतो, पण ज्या पेशीवर रोग्याची भिस्त होती ती केव्हाच गेलेली असते.

सारांश, लोह मोजणे आणि पेशी जिवंत आहे असे म्हणणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचा निवाडा कोणी देऊ लागला, तर आपण पुरावा मागावा.