आई-बाबांमधला पोस्टमन होऊ नका!

आजचा विषय जरा नाजूक आहे. आई-बाबांचा घटस्फोट झालाय आणि तुम्ही शाळा-कॉलेजात आहात. आठवडाभर आईकडे, रविवारी बाबांकडे. मग सुरू होतं, "बाबांना सांग, क्लासची फी राहिलीये." तिकडून, "आईला विचार, सुट्टीत कधी पाठवणार?"

झालात ना पोस्टमन? त्यात निरोप कडू असेल तर ओरडाही तुम्हीच खायचा.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच किशोरवयीन मुलांचा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन घरांत राहणं हे मधे अडकल्यासारखं वाटण्याचं कारण नव्हतं. जिथे आई-बाबांचं भांडण चालूच होतं, तिथे मुलांना तसं जास्त वाटायचं. आणि ज्यांना तसं वाटायचं, त्यांच्यात उदासी आणि चिंता जास्त दिसली. दोघांशी जवळीक असलेली मुलं मात्र कमी अडकली. म्हणजे बाबांकडे मजा आली तर आईशी गद्दारी होत नाही. दोघंही आवडू शकतात.

हा ताण रडण्यातूनच दिसतो असं नाही. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट दुखतं, पुस्तक उघडं असतं पण डोक्यात काही शिरत नाही.

मग करायचं काय? एक वाक्य तयार ठेवा: "हे तुम्ही दोघं थेट बोला ना, मला मधे नको." भांडण चालू असताना नाही, सगळं शांत असताना सांगा. ते एकमेकांशी बोलतच नसतील तर मेसेज करू देत, किंवा मामा-आत्यापैकी कुणी मोठं माणूस मधे पडू दे.

आणि "तूच सांग, कुणाकडे राहणार?" याचं ओझं? १८९० च्या पालकत्वाच्या कायद्यानुसार समजत्या वयाच्या मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं. पण निर्णय न्यायाधीशांचा असतो, तोही मुलाचं हित बघून. तुम्ही मत सांगता, निकाल देत नाही.

फारच जड वाटलं तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जगणंच नकोसं वाटत असेल तर अजिबात थांबू नका, लगेच फोन करा आणि जवळच्या मोठ्या माणसालाही सांगा.

लग्न त्यांचं मोडलंय. तुमचं नातं दोघांशीही आहे तसंच आहे. भेटू पुढच्या भागात!