दोन खतांच्या द्रावणांत साका बसेल काय?

ठिबक सिंचनातून पिकास खत देण्याची पद्धत आता द्राक्ष, केळी, ऊस व भाजीपाला या पिकांत रूढ झाली आहे. परंतु दोन खते स्वतंत्रपणे पाण्यात उत्तम विरघळत असली, तरी त्यांची द्रावणे एकत्र करताच कित्येकदा पाणी दुधाळ होते व तळाशी पांढरा थर जमतो. यास साका किंवा अवक्षेप म्हणतात. साक्यात अडकलेले अन्नद्रव्य पिकास मिळत नाही आणि ठिबकच्या तोट्या बुजतात. म्हणजे खत वाया जाते व संचही निकामी होतो. साका बसेल किंवा नाही, हे मात्र आधी ओळखता येते.

खत विरघळते तेव्हा त्याचे घटक सुटे होतात. कॅल्शियम नायट्रेटमधून कॅल्शियम व नायट्रेट, तर मॅग्नेशियम सल्फेटमधून मॅग्नेशियम व सल्फेट हे घटक पाण्यात येतात. द्रावणे मिसळल्यावर या घटकांच्या जोड्या बदलून पाहाव्यात. मॅग्नेशियम व नायट्रेट ही जोडी विरघळलेलीच राहते. परंतु कॅल्शियम व सल्फेट यांपासून जिप्सम बनते, आणि ते एक लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅमच विरघळते.

यावरून पुढील नियम ध्यानात ठेवावेत :

१. नायट्रेटची जोडी कोणाशीही जमली तरी साका बसत नाही.

२. कॅल्शियम व सल्फेट एकत्र आल्यास जिप्समचा साका बसतो.

३. कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आल्यास साका बसतो. मॅग्नेशियम व फॉस्फेट यांचाही बसण्याचा धोका असतो.

म्हणून कॅल्शियम नायट्रेट हे अमोनियम सल्फेट, मॅग्नेशियम सल्फेट, ०:०:५०, १२:६१:० किंवा ०:५२:३४ या खतांबरोबर एका टाकीत कधीही मिसळू नये.

प्रमाणासही महत्त्व आहे. १०० लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकी ५ किलो टाकल्यास सुमारे साडेतीन किलो जिप्सम बनू शकते. तेवढ्या साध्या पाण्यात मात्र पाव किलोच विरघळते. उरलेले बहुतेक जिप्सम तळाशी बसणार, हे उघड आहे. द्रावण जितके दाट, तितका धोका अधिक.

विहिरीचे पाणी जड असेल, तर त्यात कॅल्शियम मुळातच असते. अशा पाण्यात फॉस्फेटयुक्त खत एकटे टाकले तरी साका बसू शकतो. याकरिता पुढील परीक्षा करावी. शेतातलेच पाणी घेऊन, टाकीत जे प्रमाण ठेवावयाचे त्याच प्रमाणात खते दोन भांड्यांत वेगवेगळी विरघळवावीत. मग ती काचेच्या स्वच्छ बाटलीत एकत्र करून दोन तास स्थिर ठेवावीत. पाणी गढूळ झाले किंवा तळाशी थर दिसला, तर ते मिश्रण संचात सोडू नये.

न जमणारी खते निरनिराळ्या दिवशी द्यावीत आणि मध्ये साधे पाणी सोडून नळ्या धुवाव्यात. फॉस्फेटचा साका आम्ल सोडून बराचसा काढता येतो. जिप्सम मात्र आम्लाने सहसा निघत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बाटलीची परीक्षा शेतकरी बंधूंस त्यांच्याच बांधावर करून दाखवावी.