चार नंबरचं गाणं

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागे पडतं आणि अहमदपूर यायच्या आधी माळेगाव लागतं. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमाराला इथं खंडोबाची मोठी जत्रा भरते. घोडे, गाढवं, वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड. वीसेक वर्षांपूर्वी भंडाऱ्या-खोबऱ्याच्या दुकानांच्या ओळीत एक दुकान हमखास दिसायचं. लाकडी पेटीवर टीव्ही, त्याखाली व्हीसीडी प्लेअर, दोन्ही बाजूंना अंगापेक्षा आवाज मोठा असलेले स्पीकर आणि समोर गाण्यांच्या सीड्यांची चळत. पडद्यावर खंडोबाचं गाणं चाललेलं असे. गडाच्या पायऱ्या, उधळलेला भंडारा, पिवळी झालेली माणसं. समोर उभे राहून बघणारेही पिवळेच.

परदेशात एखाद्या गायकाच्या व्हिडिओंचा संच घ्यायचा तो ‘फॅन’नं. या शब्दाचं मूळ देवळासाठीच्या लॅटिन शब्दात आहे म्हणतात. मराठवाड्यात मूळ शोधत बसायची गरज नव्हती, गिऱ्हाईक थेट देवळाच्या दारातच उभं होतं.

व्हीसीडीचं तंत्र १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी ठरवलं. साध्या ऑडिओ सीडीच्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर ७४ मिनिटांचं चित्र आणि आवाज बसवायचा, तर चित्र कमालीचं दाबावं लागतं. आपल्याकडच्या पद्धतीत ते आडवं ३५२ आणि उभं २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीत याच्या चौपट ठिपके असतात. म्हणून भंडारा उधळला की पडद्यावर नुसते पिवळे चौकोन नाचत. यंत्राला एकदम इतकं हलणारं चित्र झेपत नसे. कुणाची तक्रार नव्हती. युरोप-अमेरिकेत हे तंत्र रुजलं नाही, आशियात मात्र रुजलं, कारण सीडी स्वस्त होती आणि चिनी प्लेअर त्याहून भाबडे. ओरखडे पडलेली सीडीही ते बापडे गिळायचे. फारच झालं तर ‘सीडी अडकायली’ म्हणून बाहेर काढायची, सदऱ्याच्या टोकानं पुसायची, पुन्हा घालायची.

पुसताना सगळे चकचकीत बाजू जपत. खरा धोका छापील बाजूला. खालून जाड प्लास्टिकचं कवच असतं, पण नोंद असलेला ॲल्युमिनियमचा थर वरच्या चित्राखाली, जेमतेम लाखेच्या आड. देवाच्या तोंडावर नखाचा ओरखडा उठला की गाणं गेलंच.

त्या काळात भारनियमनानं खेड्यांना पिळून काढलं होतं. टीव्हीवरचा कार्यक्रम त्याच्या वेळेला लागायचा, वीज तिच्या वेळेला यायची, आणि दोघांची गाठ क्वचित पडे. सीडीचं तसं नव्हतं. रात्री अकराला वीज आली तर अकराला गाणं. माझ्या मते सीडी घरोघर पोचली ती या सोयीमुळे. चित्राची हौस नंतरची.

विक्रीचं पंचांगही वेगळं होतं. नवरात्रात माहूरला रेणुकेची गाणी, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याभोवती कीर्तनं, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठ्यांची. हातगाडी तीच, वरचा थर बदलायचा. प्रल्हाद शिंदे तर कुठल्याच थरात बदलत नसत. विठ्ठलाच्या सीडीवर ते, भीमगीतांच्या सीडीवरही तेच. ते आणि भीमगीतं लिहिणारे वामनदादा कर्डक दोघंही २००४ साली गेले. पण दादांचे शब्द आणि शिंद्यांचा आवाज दुकानात होताच. जुन्या ध्वनिमुद्रणावर नवं चित्रीकरण करायची रीत पडली होती. आवाज मागच्या पिढीचा, ओठ भलत्याच तरुणाचे. पुढे शिंद्यांचे मुलगे आनंद-मिलिंद आणि मग नातू आदर्श, अशी घराण्याची तिसरी पिढी पडद्यावर आली.

मोठ्या कंपन्यांचा माल कारखान्यात ठशानं दाबलेला, तो टिकला. जत्रेतला बराचसा माल मात्र संगणकावर ‘मारलेला’, पातळ पन्नीत घातलेला. एका गाडीवरून मी हौसेनं घेतलेली सीडी घरी कोरी निघाली होती. भांडायला परत गेलो तर गाडी पुढच्या जत्रेला गेलेली. मारलेल्या सीडीत नोंद रंगद्रव्यात असते, आणि मराठवाड्याचा मे महिना पत्र्याखाली ठेवलेल्या रंगद्रव्यावर दया करत नाही. मोठ्या गायकांची गाणी यूट्यूबवर गेली. गावच्या फडाचं, एखाद्या भजनी मंडळानं पदरमोड करून केलेलं चित्रीकरण जायला मूळ प्रतच कुठे होती?

उरलेल्या सीड्या ज्वारीच्या रानात सुतळीला टांगल्या गेल्या. पाखरं बिचकतात म्हणे. काही मात्र देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर अजून आहेत. देवाचं चित्र असलेली वस्तू टाकायची कशी, हा प्रश्न आहेच.

सीडीवर गाण्यांना नावं असत, पण रिमोटला कळायचा आकडा. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बायकांचीही यादी पाठ असे. तीन नंबर पाळण्याचं, सात नंबर जागरणाचं. प्लेअर भंगारात गेला, नातवाच्या हातात मोबाइल आला, तरी अहमदपूरच्या बाजूच्या एका घरात मी आजीला सांगताना ऐकलं, “बाळा, ते चार नंबरचं लाव की.” नातू पडदा वर सरकवत राहिला. चार नंबर काही त्याला सापडेना.