आगगाडीचे नाना

बुऱ्हाणपूरच्या फलाटावर मुंबईच्या गाडीची वाट पाहताना, हा लोहमार्ग येथवर आला कसा, असा प्रश्न आपल्या मनात क्वचितच उठतो. ‘इंग्रजांनी आणला’ हे त्याचे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही; पण अपुरे आहे.

जगन्नाथ शंकरशेट, अर्थात नाना, यांचा जन्म १८०३ साली मुरबाड येथे झाला. घरच्या व्यापाराची धुरा त्यांनी तरुण वयातच सांभाळली. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी मुंबईत मंडळी स्थापिली. पुढे १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी कायद्याने अस्तित्वात आली. तिच्या दहा संचालकांत हे दोघेच हिंदी गृहस्थ होते.

भांडवल, रूळ आणि इंजिने विलायतेतून आली. मग नानांनी काय दिले? त्यांनी दिली पत. जेथे हुंडी माणसाच्या नावावर चालते, तेथे नव्या यंत्रावर लोकांचा विश्वास बसण्यास ओळखीचा माणूसच पुढे उभा राहावा लागतो. त्यांनी आपल्या वाड्यातील जागाही कंपनीच्या कचेरीसाठी दिली. १६ एप्रिल १८५३ रोजी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन चौदा डब्यांची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली. अंतर अवघे २१ मैल!

या व्यवहाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरावयाची, आणि अखेरचा शब्द मात्र लंडनचा. संचालकपद मिळाले, तरी ही सत्ता नानांच्या हाती आली नाही. म्हणूनच, १८५२ साली लोकांची गाऱ्हाणी पार्लमेंटपुढे मांडणाऱ्या बाँबे असोसिएशनच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला, हे विसरता कामा नये. ज्या राज्याशी सहकार्य केले, त्यालाच जाब विचारण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

एके काळी सुरत-आग्रा मार्गावरचे तांडे आपल्या या गावी विसावत. १८७० साली मुंबईहून निघालेला रूळ बुऱ्हाणपूर, खांडव्यावरून जबलपुरास पोचला आणि अलाहाबादच्या मार्गाला मिळाला. मात्र हे पाहण्यास नाना उरले नव्हते; १८६५ च्या ३१ जुलैला त्यांचे देहावसान झाले होते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर जुन्या संचालकांचे मुखवटे कोरलेले आहेत. पुढच्या खेपेस तेथे उतराल, तेव्हा बाहेर पडण्याच्या घाईतही क्षणभर थांबून मान वर करा. त्या गोऱ्या चेहऱ्यांमध्ये आपल्या नानांचा चेहरा आहे.