मखराची कारागिरी : लेखांक ११
अभ्रकाचे तेज

गेल्या खेपेस खांबांवर रंगाचा दुसरा हात चढवून आपण थांबलो होतो, आणि या आठवड्यात कमानीच्या कातरकामास आरंभ करावयाचा असा संकल्प मी जाहीर केलेला होता. परंतु मध्यंतरी चिपळूणच्या एका वाचक भगिनींचे पत्र हाती आले, आणि त्यात त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा निघाला, की त्याचा यथास्थित खुलासा होईपर्यंत कातर हाती घेणे मला प्रशस्त वाटेना. सबब कमान तूर्त तहकूब.

पत्रातील मजकूर थोडक्यात असा. घरच्या गणपतीसाठी त्यांनी पुठ्ठ्याची पाठभिंत तयार केली, तिला गडद निळा पोस्टर रंग दिला, तो वाळल्यावर फेविकॉल पाण्यात पातळ करून त्याचा हात फिरविला आणि वर चंदेरी चमकी मुठीने उधळली. दुसऱ्या दिवशी बोट लावताच चमकी झडू लागली, इतकेच नव्हे तर तिच्या पाठीला चिकटून खालचा निळा रंगही खपल्यांनी सुटून आला. आणि जी चमकी जागच्या जागी राहिली, ती दिवाणखान्यातील ट्यूबलाइटच्या प्रकाशात चमकण्याऐवजी राखाडी, मळकट दिसू लागली. या एका तक्रारीत वास्तविक दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणे अगदी निरनिराळी आहेत.

पहिलीचे कारण रंगाच्या स्वभावात आहे. पोस्टर रंगात रंगद्रव्य आणि खडूसारखी भर पुष्कळ, तर त्यांना बांधून ठेवणारा डिंक बेताचाच असतो, म्हणूनच तो असा मखमली, निस्तेज आणि डोळ्यांना शांत वाटणारा वाळतो. परंतु वाळल्यानंतरही तो पाण्याला दाद देतो. पाणी घालून पातळ केलेला फेविकॉल अशा थरावर फिरला, की वरची भुकटी भिजून मोकळी होते, गोंद त्या मोकळ्या भुकटीला धरतो, खालच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचतच नाही, आणि वाळताना आकसला म्हणजे तिला घेऊनच वर उचलला जातो. उपाय सोपा आहे, पण तो अगोदर करावयाचा. रंग पुरता वाळल्यावर एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी असे मिश्रण रुंद, मऊ कुंचल्याने एकाच दिशेने, न घासता, एकदाच फिरवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. हे पाणीदार मिश्रण रंगाच्या थरात मुरून त्याला आतून बांधते. मग चमकीसाठी गोंद घ्यावा तो जवळजवळ निर्भेळ, आणि त्यावर साय धरण्यापूर्वी जेवढी जागा भरून होईल तेवढ्याच जागेला तो लावावा. चमकी मुठीने उधळू नये. वीतभर उंचीवरून बारीक चाळणीतून पाडावी, वर बटर पेपर ठेवून तळहाताने हलकेच दाबावी, म्हणजे तिचे कण उताणे पडतात आणि त्यांची सपाट बाजू पाहणाऱ्याकडे येते. कोकणातील श्रावण-भाद्रपदाची हवा लक्षात घेता वाळण्यास एक नव्हे, दोन रात्री द्याव्यात.

आपल्याकडील जुने चितारी ही गोष्ट चांगली जाणत होते. सावंतवाडीच्या गंजिफांची पाने पाहावीत. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांस चिकटवावयाचे, त्यावर खळीतच कालवलेली खडूची पूड चढवावयाची, ती घोटून गुळगुळीत करावयाची आणि मग रंगकामास बसावयाचे, असा तो शिरस्ता. एकच खळ तळापासून वरपर्यंत गेलेली असल्यामुळे थर आणि थर यांत परकेपणा राहत नाही, आणि म्हणून खेळणाऱ्यांच्या हातांत वर्षानुवर्षे फिरूनही त्या पानांवरील दशावतारांचे रंग टिकून राहिलेले आढळतात. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने बहरास आलेल्या चित्रांतही हेच तत्त्व आहे: लाकडी फळी, तीवर कापड, कापडावर खळीत मळलेल्या खडूचा उठाव, त्यात काचेचे खडे आणि वर सोन्याचा वर्ख. झगमगाट हा नेहमी शेवटी येतो, आणि तो टिकेल की झडेल हे मात्र अगदी आरंभीच ठरून गेलेले असते.

आता दुसरी तक्रार, ती राखाडी दिसण्याची. बाजारातील चमकी म्हणजे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमची वाफ बसवून, वर पारदर्शक किंवा रंगीत लेप देऊन, बारीक कातरलेले तुकडे होत. भिंगाखाली धरल्यास ते बहुधा षट्कोनी दिसतील, कारण षट्कोन एकमेकांना बिलगून बसत असल्यामुळे कातरताना पापुद्रा वाया जात नाही. धातूचा तो थर मिलिमीटरच्या काही लक्षांशांइतकाच जाड असतो, तरीही त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा नव्वदीच्या आसपास तो परत फेकतो. प्रत्येक कण म्हणजे एक पूर्ण आरसा. आणि आरशाला स्वतःचा रंग नसतो, त्याच्या समोर जे असेल तेच तो दाखवितो. हजारो आरसे वेडेवाकडे बसले असता त्यांतील थोडे दिव्याकडे तोंड करतात आणि लखलखतात, उरलेले सारे खोलीचे काळोखे कोपरे, छत आणि पाहणाऱ्याची वस्त्रे दाखवीत बसतात. शिवाय ट्यूबलाइटसारखा लांबरुंद दिवा आपला प्रकाश पसरून देतो, त्यामुळे जे कण दिव्याकडे वळलेले असतात त्यांतही ठिणगी उठत नाही. समईची ज्योत किंवा बारीक विजेची माळ हीच चमकीची खरी सोबतीण, कारण तेथे प्रकाश एका बिंदूतून येतो आणि पाहणारा किंचित हलला की कण पाळीपाळीने पेटतात. माझे मत विचाराल तर संपूर्ण पाठभिंत चंदेरी चमकीने झाकणे हे कधीही करू नये; कडेची एक रेघ, कमळाच्या पाकळीचा काठ, प्रभावळीचे टोक, एवढाच तिचा प्रांत.

मग एवढ्या मोठ्या निळ्या पाठीवर तेज आणावयाचे कशाने? येथे मला माझ्या आवडत्या जिनसेविषयी बोलावयाचे आहे, आणि वाचकांनी आजचा उरलेला लेखांक मला त्यासाठीच द्यावा अशी विनंती आहे. ती जिन्नस म्हणजे अभ्रक.

प्लॅस्टिकची चमकी बाजारात येण्यापूर्वी आपल्या सणावारांची झगमग दोन वस्तूंवर चालत असे: रंगीत बेगडीवर आणि अभ्रकावर. मोहरमच्या ताबुतांना अभ्रक असे, गुलालात अभ्रक मिसळले जाई, आणि रांगोळीत अभ्रकाची पूड आजही पडते. हे खनिज पोथीच्या पानांसारखे सुटते. नखाने कड उचलावी आणि पापुद्र्यामागून पापुद्रा काढीत जावे, तो प्रत्येक पापुद्रा पहिल्याइतकाच गुळगुळीत आणि निर्मळ. याचे कारण असे, की त्याच्या स्फटिकात सिलिका आणि ॲल्युमिनियम यांचे बळकट पडदे एकावर एक रचलेले असून, त्या पडद्यांना जोडणारे पोटॅशियमचे अणू त्या मानाने दुर्बळ आहेत. सबब खनिज फुटते ते नेहमी पडद्यांच्या मधोमध. झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह, आंध्रातील नेल्लोर आणि राजस्थानातील भिलवाडा हे याचे आपल्या देशातील प्रसिद्ध मुलूख.

एकोणिसाव्या शतकात मुर्शिदाबाद, पाटणा, बनारस आणि तिरुचिरापल्ली येथील चित्रकार अभ्रकाच्या पारदर्शक पापुद्र्यांवर चित्रे काढीत आणि कंपनी सरकारच्या अंमलातील साहेब लोक ती विकत घेऊन विलायतेस पाठवीत. त्यांतील एक प्रकार विशेष मनोहर आहे. एका पुठ्ठ्यावर केवळ चेहरा रंगविलेला असावयाचा, आणि त्यासोबतच्या अभ्रकी पापुद्र्यांवर चेहऱ्याची जागा मोकळी सोडून निरनिराळे पोशाख चितारलेले असावयाचे. पापुद्रा बदलला की तोच मनुष्य कधी शिपाई, कधी जमीनदार, कधी फकीर. मखराच्या कामात याच युक्तीचा उपयोग करता येईल काय, याचा विचार माझ्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. परंतु आज ते प्रकरण उघडीत नाही.

अभ्रकाचे तेज चमकीहून निराळ्या जातीचे आहे. ॲल्युमिनियम जेथे प्रकाशाचा बहुतेक हिस्सा परत देतो, तेथे अभ्रकाचा एक पृष्ठभाग शेकडा पाचांच्या आसपासच परत देतो आणि बाकीचा आत जाऊ देतो. आत पुन्हा पापुद्रा, त्याखाली हवेची अतिसूक्ष्म फट, पुन्हा पापुद्रा, अशा प्रत्येक पायरीवर थोडा थोडा प्रकाश परत फिरतो आणि या साऱ्या परतफेडीची बेरीज होऊन जी रुपेरी आभा उमटते, तिला खोली असते. तिच्या खालचा रंग मरत नाही, दिसत राहतो. यावरून दोन नियम निघतात, आणि दोन्ही व्यवहारात फार उपयोगाचे आहेत.

पहिला नियम भूमीचा. पांढऱ्या किंवा फिक्या भूमीवर अभ्रक हरवून जाते, कारण त्याने परत दिलेला थोडासा प्रकाश भूमीच्याच उजेडात बुडतो. तेच अभ्रक गडद निळ्या, जांभळ्या किंवा काळसर हिरव्या भूमीवर टाकावे, म्हणजे भूमी गप्प राहते आणि अभ्रक बोलते. चिपळूणच्या भगिनींची निळी पाठभिंत यासाठी आदर्श आहे.

दुसरा नियम वॉर्निशाचा, आणि येथे पुष्कळ चांगले हात फसतात. चमकीवर स्वच्छ वॉर्निशाचा पातळ हात दिला तर तिचे फारसे बिघडत नाही, धातू तो धातूच राहतो. अभ्रकावर तोच हात दिला की तेज जागच्या जागी विझते. प्रकाश परत फिरतो तो दोन माध्यमांच्या गुणांत तफावत असते म्हणून. हवा आणि अभ्रक यांत ती तफावत मोठी आहे, परंतु वाळलेले वॉर्निश आणि अभ्रक यांचे वक्रीभवनांक अनुक्रमे सुमारे दीड आणि एक पूर्णांक सहा दशांशांच्या किंचित खाली, म्हणजे जवळजवळ सारखेच असल्यामुळे शेकडा पाचाऐवजी शेकडा एक दशांशाहूनही कमी प्रकाश परत येतो, आणि पापुद्र्यांमधील हवेच्या फटीही भरून जातात. म्हणून नैसर्गिक अभ्रक हे सर्व कामे उरकल्यानंतर, अगदी शेवटी, कोरडेच टाकावे आणि त्यावर काहीही फिरवू नये.

रंगाच्या दुकानांत पर्ल पावडर म्हणून जी बारीक भुकटी मिळते, आणि गणेशमूर्तींच्या सोवळ्यांना नि शेल्यांना जी मोतिया झाक असते तीही जिच्यापासून येते, तिचे मात्र असे नाही. तीतही पोटात बहुधा अभ्रकाचाच कण असतो, परंतु त्यावर टायटॅनियमच्या भस्माचा अतिसूक्ष्म लेप दिलेला असतो. या लेपाचा वक्रीभवनांक अडीचाच्या घरात असल्यामुळे तो वॉर्निशात बुडूनही पुरेसा प्रकाश परत देतो, आणि लेपाची जाडी कमीअधिक केली म्हणजे कधी सोनेरी, कधी निळसर, कधी तांबूस झाक दाखवितो. ही पावडर रंगात किंवा वॉर्निशात मिसळूनच वापरावी. कच्चे अभ्रक आणि पर्ल पावडर दिसावयास सख्खी भावंडे, पण एकाला कोरडेपणा हवा आणि दुसरीला ओल.

तेव्हा त्या निळ्या पाठभिंतीसाठी माझी तजवीज अशी: सुटलेला रंग कोरड्या कुंचल्याने झाडून टाकावा, पातळ फेविकॉलचा बांधणारा हात द्यावा, निळ्यात चमचाभर काळा मिसळून पुन्हा एक हात द्यावा, त्यालाही तसेच बांधून घ्यावे, कडेने चंदेरी चमकीची एकच रेघ ओढावी, आणि अगदी शेवटी वर जाड गोंदाचे विरळ ठिपके टाकून तांदळाच्या कणीएवढे अभ्रकाचे तुकडे पाडावेत. हे सारे रात्री, ज्या दिव्यात मखर दिसणार आहे त्याच दिव्यात, आधी हातभर पुठ्ठ्यावर करून पाहावे.

अभ्रक विकत घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर कोडरम्याच्या बाजूच्या पुष्कळ खाणी बंद झाल्या, आणि तेव्हापासून तेथील गरीब कुटुंबे, त्यांत लहान मुलेही, जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ‘ढिबरा’ नावाचे भंगार अभ्रक वेचून पोट भरतात. बोगदा ढासळून माणसे दगावल्याच्या बातम्या तेथून येतात. मखराला पसाभर अभ्रक पुरते. ते वाया घालवू नये, आणि शक्य असेल तेव्हा दुकानदाराला माल कोठून आला हे विचारावे, कारण गिऱ्हाईक विचारू लागले तरच पेढीवाल्याला त्याची नोंद ठेवणे भाग पडते.

चमकीच्या बाबतीत प्रश्न निराळा. २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली आणि आपण सारे पुठ्ठ्याकडे वळलो, हे उत्तमच झाले. पण पुठ्ठ्यावरून झडलेली प्लॅस्टिकची चमकी विसर्जनासोबत पाण्यात गेली तर ती कुजत नाही, नुसती बारीक होत जाते. युरोपीय संघाने २०२३ साली सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले ते याचसाठी. म्हणून काम करताना खाली स्वच्छ कागद अंथरावा, उरलेली चमकी त्याची घडी करून बाटलीत परत भरावी, हातांची चमकी धुण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके मोरीत पिळू नये.