भुसावळ जंक्शन: गाडी थांबते तिथे गिऱ्हाईक कोण?

तायांनो, गेल्या बैठकीत एका मावशींनी प्रश्न विचारला तेव्हा सगळ्या हसल्या. मी मात्र तो डायरीत लिहून ठेवला. त्या म्हणाल्या, "मॅडम, भुसावळला दिवसरात्र गाड्या थांबता. एका डब्यातल्या माणसांनी एक-एक पाकीट घेतलं तरी आपले पापड खपून जातील. मग आपण गावातल्या गावात एकमेकींनाच का विकतो?" त्यांच्या गटाने कर्ज काढून पापडाचं मशीन घेतलंय आणि हप्ता सुरू झालाय. म्हणजे हा हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही. म्हणून या अंकात भुसावळबद्दल लिहिते.

आधी हे शहर कशावर उभं आहे ते बघू. रेल्वे यायच्या आधी भुसावळ लहानसं गाव होतं. 1860 च्या दशकात मुंबईकडून रूळ आले आणि इथून दोन फाटे फुटले. एक अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला, जो 1867 मध्ये पोचला. दुसरा बऱ्हाणपूर, खंडव्यावरून वर जबलपूरकडे. 1870 मध्ये ती वाट पूर्ण झाली आणि मुंबई-कलकत्ता रेल्वेने जोडले गेले. सुरतेकडून तापीकाठाने येणारा मार्ग जळगावला मिळतो, त्यामुळे गुजरातच्या गाड्याही इथे येतात. मुंबईपासून साधारण साडेचारशे किलोमीटरवर, मध्येच हे ठाणं.

पूर्वी कोळशाच्या इंजिनाला पाणी, कोळसा, साफसफाई, सगळं लागायचं. गाडी बराच वेळ उभी राहायची आणि हजारो हातांना काम मिळायचं. आता विजेची इंजिनं आहेत, तरी ड्रायव्हर आणि गार्ड इथे बदलतात, डब्यांत पाणी भरतात. शिवाय मध्य रेल्वेचं विभागीय कार्यालय इथे, विजेच्या इंजिनांचं शेड आणि कारखाना इथे, नोकरीला लागलेल्यांचं प्रशिक्षण केंद्र इथे, रेल्वेचा दवाखाना इथे. जवळच वरणगावसह दोन आयुध कारखाने आणि दीपनगरचं वीज केंद्र. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 87 हजार होती. त्यातली कितीतरी घरं थेट पगारावर आणि बाकीची त्या पगारदारांच्या खर्चावर चालतात.

आता मावशींच्या हिशेबाकडे येऊ. गाडीत हजार माणसं असली तरी ती सगळी आपली गिऱ्हाइकं नसतात. एसी डब्याची खिडकी उघडतच नाही. रात्रीच्या गाडीतली माणसं झोपलेली असतात. उरली जनरल आणि स्लीपर डब्यातली दिवसाची माणसं. गाडी पाच-दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात ती पाणी, चहा, वडापाव, केळी घेतात. हातात धरून लगेच खाता येईल असंच काहीतरी. कच्चा पापड घेऊन प्रवासी काय करेल? तळायला कढई कुठे आहे त्याच्याकडे? मावशी, रागावू नका, पण तुमचा पापड कितीही चांगला असला तरी तो फलाटावरचा माल नाही. केळीचे वेफर्स मात्र आहेत. ते लहान पाकिटात, दहा-वीस रुपयांत जातात.

केळीचं तर इथे नशीबच रेल्वेशी बांधलेलं. महाराष्ट्रात केळीत जळगाव जिल्हा पहिला आणि जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही आहे. सावदा, रावेर या स्टेशनांवरून केळी भरून दिल्लीकडे जायची पद्धत जुनी आहे. 2020 च्या ऑगस्टमध्ये देशातली पहिली किसान रेल्वे देवळालीहून बिहारला निघाली, तीही भुसावळवरूनच गेली. पण लांबच्या बाजाराला घड लागतो तो चांगला, सारख्या आकाराचा. बारकी, डागाची केळी मागे राहतात आणि व्यापारी ती कवडीमोलाने मागतो. वेफर्सचा कच्चा माल तिथे आहे, फक्त फळ हिरवं असतानाच उचलावं लागतं.

आता एक गोष्ट नीट वाचा. डब्यात किंवा फलाटावर परवानगीशिवाय माल विकणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 144 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळेच विकता" असं म्हणून कुणी टोपली घेऊन चढू नका. पकडलं तर माल जातो, दिवस जातो आणि गटाचं नाव खराब होतं ते वेगळंच.

सरळ वाट आहे ती "एक स्थानक एक उत्पादन" योजनेची. 2022 पासून रेल्वे स्थानिक माल विकायला स्टेशनवर छोटा स्टॉल देते. कारागीर आणि बचत गट दोघांनाही तो मिळतो. स्टॉल थोड्या मुदतीसाठी, पाळीपाळीने असतो आणि अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकतात. चौकशी स्टेशन अधीक्षकांकडे करायची. जाताना गटाच्या नोंदणीचा कागद न्यायचा. खायचा माल असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीही हवी. लहान उद्योगाला साधी नोंदणी चालते, ती ऑनलाइन भरायला मी मदत करीन.

पण अर्ज करण्याआधी हिशेब करू. आकडे मी मनाने धरलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा पंधरा दिवसांचं भाडं 1,000 रुपये. रोज दोघी बसणार, प्रत्येकीची मजुरी 300 धरली तर पंधरा दिवसांचे 9,000. (मजुरी धरायचीच! "घरच्याच बाया आहेत" म्हणून ती सोडली की धंदा नफ्यात दिसतो आणि बाई तोट्यात राहते.) एसटीत आपल्याला अर्धं तिकीट, तरी जाऊन-येऊन माणशी 50 धरले तर 1,500. एकूण झाले 11,500. एका पाकिटामागे माल आणि पॅकिंग वजा जाता 15 रुपये सुटत असतील, तर खर्च भरून निघायला पंधरा दिवसांत 767 पाकिटं, म्हणजे रोज 52 खपायला हवीत. कर्जाचा हप्ता त्यात अजून धरलेला नाही.

एकट्या गटाला हे जड जाईल. चार-पाच गटांनी मिळून ग्रामसंघाच्या नावाने घेतलं तर जमेल, कारण मग वेफर्ससोबत शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू असा माल ठेवता येतो.

मग पापडाचं काय? त्याचं गिऱ्हाईक फलाटावर नाही, क्वार्टरमध्ये आहे. रेल्वेचा पगार महिन्याच्या शेवटी होतो आणि पहिल्या आठवड्यात घरोघरी किराणा भरला जातो. याच दिवसांत उडदाचे पापड, बिबडे, कुरडया घेऊन जायला हवं. रेल्वेत देशभरातून माणसं येतात. त्यांना बिबडे माहीत नसतात, एकदा तळून चव द्यावी लागते. पण ज्या घराला चव लागली ते पुढच्या महिन्यात वाट बघतं, आणि असं गिऱ्हाईक गाडी सुटली म्हणून निघून जात नाही. 2020 च्या मार्चमध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या तेव्हा फलाटावर पोट असणाऱ्यांची कमाई एका दिवसात थांबली. पगारदार घरांचं स्वयंपाकघर मात्र चालूच होतं.

माझं मत विचाराल तर आधी क्वार्टरमध्ये तीन महिने विकून बघा आणि वेफर्सचा स्टॉल त्यानंतर. सगळ्यांना हे पटेलच असं नाही. पुढच्या बैठकीत त्यावरच बोलू. येताना प्रत्येक गटाने आपल्या मालाचं एक बंद पाकीट आणि गेल्या महिन्याची विक्रीची वही आणावी. मावशी, तुम्ही तळलेला पापडही आणा.